थप्पीतली हवा

मरोळ-मरोशी रस्त्यानं आरेकडे गेलं, की पाड्यांवरच्या बाया डोक्यावर मोळी घेऊन येताना दिसतात. मोळीचं माप सोपं, मानेला पेलेल तेवढं. भांडण सुरू होतं ते जळण विकत घेताना.

समजा, लग्नाच्या देगांसाठी भटाऱ्यानं ओंडक्यांची छातीइतकी थप्पी मोजून घेतली. ओंडक्यांचे तीन-तीन तुकडे करून पुन्हा रचले, तर थप्पी खाली बसलेली. ‘शेठ, लाकूड गेलं कुठं?’ गेलं कुठंच नाही. करवतीचा भुसा वगळला तर लाकूड तेवढंच आहे. गेली ती हवा. लांब ओंडका कुठंतरी वाकलेला असतोच, आणि तो शेजाऱ्याला जवळ येऊ देत नाही. त्याचेच तुकडे केले की प्रत्येक तुकडा जवळजवळ सरळ होतो आणि अंगाला अंग लावून बसतो.

फोडण्याची गोष्ट मात्र उलटी. सारख्या जाडीचे सरळ गोल ओंडके एकावर एक नेमके ठेवले, तर थप्पीत सुमारे 78 टक्के लाकूड असतं. वरचा ओंडका खालच्या दोघांच्या खोबणीत बसवला, तर 90 टक्के. गंमत म्हणजे ओंडके मनगटाएवढे असोत की मांडीएवढे, हा हिशेब बदलत नाही. कुऱ्हाड घातली की चिरफळ्या तिरक्या-तारक्या निघतात, पुन्हा आपल्या जागी कोण बसवणार? म्हणून सरळ लाकडाची थप्पी फोडल्यावर बहुधा फुगते. गाठाळ, वेडंवाकडं लाकूड मात्र फोडल्यावर आवरूनही बसतं. आणि नुसतं टेम्पोत फेकलेलं जळण सगळ्यांत पोकळ. ‘टेम्पोभर’ हे माप मी तरी मानत नाही.

कुरआनातला 83 वा अध्याय मापात मारणाऱ्यांबद्दल आहे. आपल्याकडेही ‘मापात पाप’ म्हणतात. पण इथं पाप नसतानाही माप खोटं ठरतं, आणि दोन्हीकडची माणसं एकमेकांना चोर म्हणून मोकळी होतात. भाव ठरवताना एवढंच विचारायला हवं होतं, की मोजायचं तोडण्याआधी की फोडल्यानंतर?

मग वजनावर घ्यावं? कुऱ्हाडीनं वजन बदलत नाही हे खरं, पण ताज्या तोडलेल्या लाकडात निम्मं वजन पाण्याचंही असू शकतं. पाण्याला लाकडाचा भाव! साल पाणी धरून ठेवते. फोडलेलं लाकूड लवकर सुकतं, हलकं होतं, थोडं आकसतंही.

बेकऱ्यांचं जळण निराळं. तिथं मोडक्या फर्निचरच्या फळ्याही भट्टीत जायच्या. चौकोनी कडांची ती थप्पी सगळ्यांत भरीव, पण पॉलिश अन् प्लायवुडचा धूर वाईट. 9 जानेवारी 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयानं लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं.

देगेला अजून लाकूड लागतं. जाणता भटारी थप्पीकडे बघतही नाही. दोन चिरफळ्या एकमेकींवर आपटतो. आवाज खणखणीत आला तर सुकं, बद्द आला तर ओलं. मगच काट्यावर चढवू देतो.