मातीखालचे वय कसे मोजतात?

(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पुण्याहून नाशिककडे जाताना मंचर सोडले की घोडनदी लागते. तिच्या काठी आंबेगाव तालुक्यात चांडोली हे गाव आहे. १९६०-६१ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. शां. भा. देव आणि डॉ. झेड. डी. अन्सारी यांनी तेथे उत्खनन केले. घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफने निघाली. मातीची दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली आणि आत चिमुकली हाडे. एका दफनात तांब्याच्या मण्यांची माळ होती, जवसाच्या धाग्यात ओवलेली. मूल गेले, तरी आईबापांनी त्याला घरापासून दूर केले नाही, असेच वाटते.

ही माणसे केव्हाची? त्यांनी एक अक्षरही लिहून ठेवलेले नाही. मग सांगणार कोण?

उत्तर दिले कोळशाने. हवेत कार्बन-१४ नावाचा किरणोत्सारी कार्बन अल्प प्रमाणात असतो. झाडे तो घेतात, झाडांवाटे तो जनावरांत आणि आपल्यात येतो. जीव गेला की भर थांबते आणि आहे तो ठरावीक गतीने घटत जातो. ५७३० वर्षांत निम्मा उरतो, पुढच्या तितक्याच वर्षांत त्याच्याही निम्मा. उरलेला मोजा, म्हणजे वय कळते. अमेरिकेतील विलर्ड लिबी यांनी १९४९ च्या सुमारास ही रीत सिद्ध केली आणि १९६० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. चांडोलीचा कोळसा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात तपासला गेला. ती वस्ती इसवी सनापूर्वी १३०० च्या आसपासची ठरली. म्हणजे सुमारे तेहेतीसशे वर्षांनंतरही मूळच्या कार्बन-१४ पैकी जवळजवळ दोन तृतीयांश शिल्लक होता.

विद्यार्थी मित्रांनो, येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. प्रयोगशाळा नुसता आकडा देत नाही. त्यापुढे 'शंभर वर्षे कमी किंवा अधिक' असेही लिहून देते. आपल्या मापात चूक किती असू शकते हे आधीच सांगणे, हा शास्त्राचा प्रामाणिकपणा आहे. शिवाय मोजले जाते ते लाकडाचे वय, दफनाचे नव्हे. जुनी तुळई जाळली असेल तर कोळसा दफनाहून जुना निघेल. म्हणून कोळसा कोणत्या थरातून काढला याची नोंद चोख हवी. ती नोंद नसेल तर प्रयोगशाळेचा आकडाही कुचकामी.

या घड्याळालाही मर्यादा आहे. पन्नास हजार वर्षांपलीकडे ते चालत नाही. जुन्नर तालुक्यात कुकडीकाठी बोरी येथे ज्वालामुखीची राख आणि अश्मयुगीन हत्यारे सापडली. त्या राखेचे वय इतर पद्धतींनी मोजले. कोणी सुमारे चौदा लाख वर्षे म्हणाले, कोणी पंचाहत्तर हजार. विद्वानांत वाद झाला, पण तो पुराव्यांनी झाला, आवाज चढवून नव्हे. आपल्या मुलांनी शिकावे ते हेच.

पालकहो, कबरीला हात लावणे आपल्या मनाला पटत नाही, आणि ते योग्यच आहे. परंतु जुन्या वस्तीच्या टेकाडावरची पांढरी माती खत म्हणून गाड्या भरून नेली जाते, तेव्हा तीच हाडे कोणाच्याही नकळत विखुरतात. जाणकाराने जपून उघडलेले दफन निदान त्या माणसांची आठवण तरी राखते. म्हणून शेतात खापरे, मणी, हाडे दिसली तर उकरू नका, विकू नका. शाळेच्या शिक्षकांना सांगा, पुरातत्त्व खात्याला कळवा.

आणि मुलगा असो की मुलगी, तिला विज्ञान आणि इतिहास दोन्ही शिकू द्या. डॉ. अन्सारींनी नेवासे, चांडोली, इनामगाव येथे वर्षानुवर्षे माती चाळली, म्हणून आपल्या जिल्ह्याचा तीन हजार वर्षांपूर्वीचा संसार आज आपल्याला दिसतो. त्यांच्या वाटेने जाणारे एखादे मूल या सभागृहात बसलेले असेल. त्याला अडवू नका, एवढीच विनंती.