विहिरीतील नेत्रहीन मासा : एक सृष्टिपाठ



मुंबई उपनगरात अंधेरीला लागून जोगेश्वरी आहे. तेथील एका अंधशाळेच्या आवारातील सुमारे ४० फूट खोल विहिरीत सर्पाकार मासा सापडला. ही जाती शास्त्राला नवी असल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झाले व तिचे नाव ‘रक्तमिक्थिस मुंबा’ असे ठेवण्यात आले. ‘रक्तम्’ हा मल्याळम शब्द तांबड्या रंगाचा द्योतक, ‘इक्थिस’ म्हणजे ग्रीक भाषेत मासा, आणि ‘मुंबा’ हे मुंबईच्या नावाचे मूळ. या माशाला पर नाहीत, खवले नाहीत आणि बाहेरून डोळेही दिसत नाहीत.

डोळे नसता तो जगतो कसा, हा प्रश्न मुले प्रथम विचारतील. भूगर्भातील पाण्यात सूर्यप्रकाश पोहोचत नाही. तेथे उत्तम डोळाही निरुपयोगीच. अशा ठिकाणचे मासे गंध, रुची, स्पर्श आणि पाण्यातील सूक्ष्म हालचाल यांवर निर्वाह करतात. वामीसारख्या माशांचे घ्राणेंद्रिय तर विशेष तीक्ष्ण असते. युरोपातील वाम समुद्राकडे निघण्यापूर्वी तिचे डोळे मोठे होतात व खोल पाण्यातील निळसर प्रकाश टिपण्यास योग्य बनतात. जेथे प्रकाश आहे तेथे डोळा वाढतो, जेथे नाही तेथे लोपतो.

येथेच शिक्षकाने सावध राहावयास हवे. ‘माशाने डोळे वापरले नाहीत, म्हणून ते गेले,’ असे उत्तर सोपे, पण चुकीचे आहे. एका माशाने डोळे न वापरल्याने त्याची पिले नेत्रहीन निपजत नाहीत. पिढ्यानुपिढ्या आनुवंशिक गुणांत लहान बदल घडतात. उजेडात अधू डोळ्याचा मासा मागे पडतो; काळोखात त्याचे काहीच अडत नाही. उलट, डोळा पोसण्यास लागणारी शक्ती वाचते. म्हणून असे बदल टिकून राहतात. मेक्सिकोतील गुहांत राहणाऱ्या माशाच्या गर्भात डोळा तयार होऊ लागतो आणि मग झिजून जातो. पूर्वज डोळस होते, याची ही खूणच होय.

वर्गात एक सोपा प्रयोग करावा. मुलांचे डोळे बांधून आले, हिंग, लिंबाचे पान व ओली माती वासावरून ओळखावयास सांगावी. नंतर धान्ये बोटांनी ओळखवावी. वर्गात दृष्टिहीन बालक असल्यास या खेळात त्याला पुढारीपण द्यावे. मात्र त्याची तुलना माशाशी कदापि करू नये. मासा काळोखासाठीच घडला आहे. बालकाला उजेडातील जगात वावरावयाचे असते, आणि त्यासाठी त्याला ब्रेल, पांढरी काठी व सोबत्यांचे साह्य मिळवून देणे हे शाळेचे कर्तव्य आहे.

शेवटी विहिरीविषयी. विहीर ही भूजलाकडे उघडणारी खिडकी आहे. नळ आल्यावर अनेक जुन्या विहिरी कचऱ्याने भरल्या किंवा बुजविल्या जातात. त्यांबरोबर आत काय नष्ट होते, हे कोणी पाहत नाही. गावातील विहिरीत असा तांबूस, सडपातळ जीव दिसल्यास साप समजून मारू नये. पाण्यातच राहू द्यावा आणि दिवस व ठिकाण शाळेच्या नोंदवहीत लिहून ठेवावे. भर वस्तीतील विहिरीत २०२१ पर्यंत अज्ञात असा जीव नांदत होता. तेव्हा खेड्यातील विहिरींकडेही शिक्षकांनी व मुलांनी जिज्ञासेने पाहावे.