अधिकाऱ्याचा पगार आणि गावाचा प्रश्न

शाळा म्हटली की मुले, मास्तर, फळा आणि घंटा एवढेच चित्र सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे उभे राहते. या चित्रामागे दुसरी एक शाळा असते. ती कागदांची, मंजुऱ्यांची, तपासण्यांची आणि बदल्यांची शाळा होय. तिचा कारभार मुख्याध्यापक, भाग शिक्षणाधिकारी, उपसंचालक, संचालक अशा पायऱ्यांनी चालतो. या पायऱ्यांवरच्या प्रत्येकाला वेतन मिळते आणि ते वेतन जनतेच्या करातून येते. मग ज्याच्या पैशाने हा कारभार चालतो त्या नागरिकाला त्याविषयी विचारण्याचा अधिकार आहे काय? असल्यास त्याने तो कोठे आणि कसा बजावावा? आजच्या भाषणाचा विषय एवढाच आहे.

हा प्रश्न मोठ्या शहरापेक्षा लहान गावात अधिक स्पष्ट दिसतो. गोव्याच्या अगदी उत्तर टोकाचे तेरेखोल हे असे गाव आहे. सारा गोवा नदीच्या दक्षिणेस आणि हा एवढासा तुकडा उत्तर तीरावर, महाराष्ट्राच्या रेडी गावाला खेटून. पंचायत केरी आणि तेरेखोल या दोन्ही गावांची मिळून एकच. त्यामुळे पंचायतीच्या दारी जावयाचे तर तेरेखोलच्या मतदाराला फेरीबोटीने नदी ओलांडावी लागते; रस्त्यानेच जाईन म्हणाला तर दुसऱ्या राज्याच्या हद्दीतून वळसा घालावा लागतो. शहरातल्या माणसाला सभेला जाणे म्हणजे चार पावलांचे काम. तेरेखोलच्या माणसाचा सभेतील प्रश्न मात्र आधी नदी पार करून येतो. इतके करून आलेल्या माणसाला ‘आता वेळ संपली’ असे उत्तर मिळाले, तर पुढच्या खेपेस तो येणार नाही आणि त्याचा शेजारीही येणार नाही.

प्रथम पगाराची गोष्ट पाहू. आपल्याकडे शिक्षणखात्यातील अधिकाऱ्याचा पगार गाव ठरवीत नाही, तालुकाही ठरवीत नाही. केंद्र सरकार वेतन आयोग नेमते, आयोग श्रेणी सुचवितो आणि राज्ये बहुधा त्याच मार्गाने जातात. सातव्या केंद्रीय वेतन आयोगानुसार १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारच्या नोकरीतील किमान मूळ वेतन १८,००० रुपये आणि कमाल मूळ वेतन २,५०,००० रुपये झाले. खालच्या आणि वरच्या टोकांत सुमारे चौदा पटींचे अंतर राहिले. या व्यवस्थेचा एक मोठा गुण असा की कोणा सभापतीच्या मर्जीने कोणाचा पगार फुगत नाही. तिचा दोषही त्या गुणातच दडलेला आहे. पगार दूर कोठेतरी ठरल्यामुळे, त्या पगाराच्या बदल्यात गावाला काय मिळाले हे विचारण्याची सवयच लागत नाही. ‘सरकार देते, सरकार बघून घेईल’ असे म्हणून माणूस मोकळा होतो. मात्र फेरीबोटीच्या धक्क्यावर उभा राहिला की तोच माणूस साहेबांच्या पगाराविषयी तासभर बोलतो. धक्क्यावरील बोलण्याला इतिवृत्त नसते, म्हणून त्याला उत्तरही नसते.

वास्तविक या पगारात गुपित असे काहीच नाही. गोव्याने १९९७ सालीच स्वतःचा माहितीचा अधिकार कायदा केला होता. त्यानंतर २००५ साली देशभर लागू झालेल्या कायद्याच्या चौथ्या कलमात, प्रत्येक सार्वजनिक कार्यालयाने आपल्या प्रत्येक अधिकाऱ्याचे व कर्मचाऱ्याचे मासिक वेतन आपण होऊन प्रसिद्ध करावे असे स्पष्ट सांगितले आहे. कोणी अर्ज करावा आणि मग माहिती द्यावी असे नव्हे. ती मागण्यापूर्वीच मांडलेली असावी. म्हणजे कायद्याने दार उघडे ठेवले आहे. आत डोकावणारे थोडे, एवढेच.

अमेरिकेत याच प्रश्नाचे रूप निराळे आहे. तेथे बहुतेक ठिकाणी शाळांचा कारभार स्थानिक शिक्षणमंडळाकडे असतो. मंडळाचे सभासद सामान्यतः लोकांनी निवडलेले असतात आणि ते शाळांसाठी एक मुख्य अधिकारी पगार ठरवून नेमतात. लॉस एंजेलिसच्या मंडळाने २०२२ साली नेमलेल्या अशा अधिकाऱ्याचा वार्षिक पगार ४,४०,००० डॉलर ठरला होता. एवढा आकडा ऐकून नागरिक गप्प कसे बसतील? कॅलिफोर्निया राज्यात १९५३ पासून ब्राउन कायदा नावाचा एक कायदा आहे. स्थानिक मंडळांनी आपल्या सभा उघड भरवाव्या असे तो सांगतो, आणि सभेपुढील विषयावर नागरिकाला बोलू दिले पाहिजे असेही त्यात पुढे आले. सामान्यतः प्रत्येकाला दोनतीन मिनिटे मिळतात. तेवढ्यात जे सांगावयाचे ते सांगून खाली बसावे.

हा कायदा कडक कसा होत गेला, हे ऐकण्यासारखे आहे. लॉस एंजेलिसजवळ बेल नावाचे एक लहान, गरीब वस्तीचे नगर आहे. तेथील नगरव्यवस्थापक वर्षाला सुमारे ७ लाख ८७ हजार डॉलर पगार घेत होता, हे २०१० साली एका वृत्तपत्राने उघडकीस आणले. खटले झाले आणि २०१४ साली त्या व्यवस्थापकाला बारा वर्षांची शिक्षा झाली. नगरसभा तेथेही भरत होती. नागरिकांना आत येण्याची मुभाही होती. परंतु पगाराचे आकडे त्यांच्यापुढे नीट मांडलेच जात नव्हते. या प्रकरणानंतर कॅलिफोर्नियाने नियम केला की, मुख्य अधिकाऱ्याच्या पगाराचा विषय घाईने बोलावलेल्या खास सभेत घेता येणार नाही. तो नियमित सभेतच, आगाऊ विषयपत्रिका लावून घ्यावा. पुढे २०१७ पासून आणखी एक अट आली. पगारावर अंतिम निर्णय घेण्यापूर्वी प्रस्तावित पगाराचा गोषवारा उघड सभेत तोंडी वाचून दाखविला पाहिजे. शिक्षणमंडळेही या नियमांखाली येतात. यातले मर्म साधे आहे. ठराव होऊन गेल्यावर नागरिकाला बोलू देणे म्हणजे पंगत उठल्यावर पाहुण्याला पान मांडण्यासारखे आहे. बोलण्याची वेळ निर्णयाच्या आधी आली पाहिजे आणि बोलणाऱ्याच्या हाती आकडा असला पाहिजे.

ही रीत परदेशातूनच शिकावी लागेल असे मात्र कोणी समजू नये. गोव्याच्या जुन्या गावकरीत सारे गावकर एकत्र बसत, सर्वांच्या संमतीने निर्णय होत आणि गावचा लेखनिक ते लिहून ठेवी. या चालीरीतींची नोंद पोर्तुगीज सरकारने १५२६ सालच्या सनदेत करून ठेवली. त्या सभेत सर्वांना स्थान नव्हते हे खरे. स्त्रिया नव्हत्या, कूळ-मुंडकार नव्हते. तरीही लिहून ठेवल्यावाचून ठराव नाही, ही शिस्त आपल्याच मातीत रुजलेली होती.

महाराष्ट्राकडे पाहिले तर महात्मा जोतीराव फुले यांचे उदाहरण समोर येते. १८७६ पासून १८८२ पर्यंत ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून त्यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्चण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा म्हणून जोतीरावांनी विरोध केला. बत्तीस सभासदांत विरोधी मत एकट्या त्यांचे पडले. ठराव मंजूर झाला आणि स्वागतही झाले. पण त्या एका मताची नोंद आज सर्वांच्या स्मरणात आहे. बाकीच्यांची नावे कोण सांगू शकेल? त्याच जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले. त्यात खेड्यातील प्रशिक्षित शिक्षकाला किमान बारा रुपये आणि मोठ्या गावी पंधरा ते वीस रुपये पगार असावा असे त्यांनी मागितले. तपासनीस वर्षातून एकदा येऊन जातो त्याचा फारसा उपयोग नाही, शाळांची तपासणी निदान दर तीन महिन्यांनी व्हावी आणि अधूनमधून पूर्वसूचना न देताही व्हावी, असेही त्यांनी सांगितले. ज्याचा पगार थोडा आहे त्याला तो पुरेसा मिळावा आणि ज्याला देखरेखीसाठी पगार मिळतो त्याने खरोखर देखरेख करावी, अशी ही दुहेरी मागणी आहे. इतक्या वर्षांनीही तिच्यात बदलावे असे थोडेच सापडेल.

आणि गोव्यात तर सभेत बोलण्याच्या हक्काचे मोल विशेष आहे. १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहिया आणि डॉ. ज्युलियांव मिनेझिस उभे राहिले, ते परवानगीवाचून सभा घेण्यास बंदी होती म्हणूनच. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोन्सो यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रही तेरेखोलच्या किल्ल्यात शिरले, तेथे त्यांनी तिरंगा फडकविला आणि अटक सोसली. ज्या गावात त्या काळी झेंडा लावणे हा गुन्हा होता, त्या गावच्या माणसाने आज रीतसर भरलेल्या सभेत मौन धरावे, हे त्या सत्याग्रहींच्या वारशाला शोभत नाही.

आज नागरिकाच्या हाती साधने आहेत. पहिले साधन ग्रामसभा. १९९३ साली अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तिला घटनेत स्थान दिले, आणि पंचायतींकडे सोपविता येतील अशा विषयांच्या यादीत प्राथमिक व माध्यमिक शिक्षणाचा समावेश केला. दुसरे साधन शाळा व्यवस्थापन समिती. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार तिच्यात निदान तीनचतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. शाळेवर देखरेख, विकास आराखडा आणि अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ही तिची कामे. अनुदानित व अल्पसंख्य संस्थांच्या शाळांत तिचे काम केवळ सल्ल्याचे, पण सल्लाही इतिवृत्तात लिहिला जातो. तिसरे साधन त्याच कायद्याचे बत्तिसावे कलम. मुलाच्या हक्काविषयी लेखी तक्रार केल्यास स्थानिक प्राधिकरणाने संबंधितांचे म्हणणे ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यावा, असे ते सांगते.

साधनाइतकीच रीतही महत्त्वाची आहे. ‘साहेबाला एवढा पगार कशाला?’ हा प्रश्न नव्हे, हा हेवा झाला. ‘या वर्षी अधिकारी आपल्या शाळेत किती वेळा आले, त्यांनी काय शेरा लिहिला आणि त्या शेऱ्याचे पुढे काय झाले?’ हा खरा प्रश्न. त्याला उत्तर द्यावेच लागते आणि त्यात कोणाची बेअदबी नाही. प्रश्न पदाला विचारावा, माणसाला नव्हे; आकडा हाती ठेवून विचारावा; आणि उत्तर इतिवृत्तात आले की नाही हे पाहूनच घरी जावे. दुसरीकडे, अध्यक्षस्थानी बसणाऱ्यानेही दूरच्या वाड्यावरून आलेल्याला आधी बोलू द्यावे. तेरेखोलच्या माणसाला परतीची फेरीबोट गाठावयाची असते, हे अध्यक्षांनी ध्यानात घेतले तर सभेचा अर्धा अन्याय तेथेच दूर होईल.

पगाराचा प्रश्न वरच्याच दिशेने विचारावा असेही नाही. शाळेत मध्यान्ह आहार पुरविणाऱ्या महिलांच्या स्वयंसाहाय्य गटांची देयके थकल्याच्या बातम्या गोव्यात अनेकदा आल्या. मानधनावर राबणारा शिक्षक पुढच्या वर्षी असेल की नाही, हे त्याच्या विद्यार्थ्यांनाही ठाऊक नसते. संचालकाचा पगार ठरल्या दिवशी होतो आणि मुलांना जेवू घालणारी बाई महिनोन्‌महिने वाट पाहते, ही तफावत सभेत कोणीतरी मोठ्याने वाचून दाखविली पाहिजे. ती बाई स्वतः उठून बोलेलच असे नाही. तिच्यासाठी दुसऱ्याने उठावे, म्हणून तर सभा असते.

लूकच्या शुभवर्तमानात एका कारभाऱ्याची गोष्ट आहे. धन्याने त्याला बोलावून कारभाराचा हिशेब मागितला, तेव्हा तो गडबडून गेला. लोकशाहीत धनी म्हणजे मतदार. हिशेब मागणारा धनी निष्ठुर ठरत नाही. उलट, प्रामाणिक कारभाऱ्याला अशा धन्याचा आधारच वाटतो, कारण त्याचे चांगले कामही त्यामुळे चारचौघांत नोंदले जाते. कुचराई करणाऱ्याला मात्र न विचारणारा धनी हवा असतो. पुढची ग्रामसभा जवळ आली की आपल्या शाळेविषयी एकच नेमका प्रश्न कागदावर लिहून सोबत न्यावा. तेरेखोलच्या माणसाने नदी ओलांडून तो न्यावा, आणि ज्याच्या दारातच सभा भरते त्याने तर घरी बसण्याचे कारणच शोधू नये.