मेलेल्या बायकांची साक्ष

(कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरात चित्रपट पाहिल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेलं भाषण, थोडं संक्षिप्त करून.)

मैत्रिणींनो,

काल रात्री आपण सगळ्यांनी मिळून 'क्रिम्सन पीक' पाहिला. गिएर्मो देल तोरो या मेक्सिकन दिग्दर्शकाचा हा २०१५ सालचा इंग्रजी चित्रपट. मधे मधे थांबवून, मराठीत सांगत सांगत पाहिला, त्यामुळे संपायला बराच उशीर झाला. तरी गप्पा काही थांबल्या नाहीत. त्या गप्पांत तीन गोष्टी पुन्हा पुन्हा आल्या. एक, 'घर काय, कपडे काय, सगळं देखणं, पण भुताची भीती काही वाटली नाही.' दोन, 'तो नवरा बिचारा चांगला होता हो, बहिणीनं त्याची वाट लावली.' आणि तीन, 'एवढं सगळं दिसत होतं तर ती वेळेवर निघून का गेली नाही?' आज मी या तीन वाक्यांवरच बोलणार आहे. कारण ही वाक्यं सिनेमाबद्दलची असली तरी आपल्या कामात ती आपल्याला रोज भेटतात.

ज्या काल मधेच झोपल्या त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. १९०१ च्या सुमारास अमेरिकेतल्या बफेलो शहरात ईडिथ नावाची श्रीमंत बापाची मुलगी आहे. तिला लेखिका व्हायचंय. इंग्लंडहून थॉमस शार्प नावाचा खानदानी पण कफल्लक माणूस त्याच्या यंत्रासाठी भांडवल मागायला येतो, सोबत बहीण ल्युसिल. बापाला तो पसंत नाही. बापाचा खून होतो आणि ईडिथ लग्न करून इंग्लंडला त्यांच्या वाड्यात येते. वाड्याचं छप्पर फुटलेलं, दिवाणखान्यात बर्फ पडतोय, जमिनीतून रक्तासारखी लाल माती वर येतेय. आपल्याकडे म्हणतात तसं, बडा घर पोकळ वासा. थॉमसनं याआधी पैशासाठी तीन लग्नं केलेली असतात आणि त्या तिघी मेलेल्या असतात. ईडिथलाही चहातून विष दिलं जातं. आणि त्या मेलेल्या बायका तिला दिसू लागतात.

आता पहिलं वाक्य: भीती वाटली नाही. तुम्ही एकट्या नाही. चित्रपट अमेरिकेत ऑक्टोबरमध्ये, तिकडच्या भुताखेतांच्या सणाच्या तोंडावर आला आणि त्याची जाहिरातही भयपट म्हणूनच झाली. लोक दचकायला गेले आणि त्यांना दिसली एक प्रेमकथा, लग्नकथा. तिथे पहिल्या दिवशीच्या प्रेक्षकांकडून मत घेऊन श्रेणी देणारी एक संस्था आहे. तिच्या पाहणीत याला 'बी वजा' मिळाली. सुमारे साडेपाच कोटी डॉलर खर्चून केलेल्या चित्रपटानं जगभरात साडेसात कोटींच्या आसपास कमावले, म्हणजे धंद्याच्या हिशेबात तो पडला. दिग्दर्शक मात्र सांगत होता की हा भयपट नाही, ही 'गॉथिक रोमान्स'च्या परंपरेतली गोष्ट आहे. खुद्द ईडिथही तिच्या कादंबरीबद्दल तेच म्हणते. ही भुताची गोष्ट नाही, हिच्यात फक्त एक भूत आहे आणि ते भूत म्हणजे भूतकाळ. आपल्या भाषेत तर दोन्हीला शब्दच एक.

ही परंपरा काय आहे? अ‍ॅन रॅडक्लिफनं १७९४ साली लिहिलेली 'द मिस्टरीज ऑफ उडोल्फो', शार्लट ब्राँटेची १८४७ची 'जेन एअर', दाफ्ने द्यु मॉरिएची १९३८ची 'रेबेका'. बायकांनी लिहिलेल्या आणि बायकांनी भरभरून वाचलेल्या या कादंबऱ्या. सगळ्यांत एक मोठं घर, एक बंद खोली, एक गूढ पुरुष आणि एक नवखी मुलगी. जोआना रस या अमेरिकन लेखिकेनं १९७३ साली अशा खपाऊ कादंबऱ्यांवर एक लेख लिहिला. त्याच्या शीर्षकाचा अर्थ असा: कुणीतरी मला मारायला टपलंय आणि मला वाटतं तो माझा नवराच आहे. म्हणजे भीती आहेच, पण ती भुताची नाही. ती आहे परक्या घरात नांदायला जाण्याची. आठवा, वाड्यात आल्यावर ईडिथ किल्ल्या मागते तर ल्युसिल देत नाही. किल्ल्यांचा जुडगा तिच्याकडेच. तो प्रसंग पाहताना आपल्यातल्या कितीजणी हसल्या! भूत पाहून न घाबरलेल्या बायकांना तो जुडगा लगेच कळला.

याच घरात आणखी एक गोष्ट सारखी पुढे येते, ती म्हणजे सही. नुसतं मारून का टाकत नाहीत तिला? कारण पैसा तिच्या नावावर आहे. इंग्लंडमध्ये पूर्वी लग्न झालं की बाईची बहुतेक मालमत्ता नवऱ्याच्या ताब्यात जायची. १८८२च्या कायद्यानं विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवण्याचा हक्क मिळाला. म्हणून १९०१ साली थॉमसला बायकोची सही लागते. कायद्यानं हक्क दिला की कागद पुढे येतो, हे आपल्यालाही नवं नाही. महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांच्या बरोबरीचा वाटा मिळाला. त्यानंतर हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या बहिणी आपण गावोगाव पाहतो. तिथे विष नसतं, चहा मात्र असतो, आणि 'माहेर तुटेल' ही धमकी असते. ईडिथ शेवटी सही करायला लावलेल्या पेनानंच ल्युसिलवर वार करते. ते पेन तिला बापानं लिहिण्यासाठी दिलेलं असतं.

दुसरं वाक्य मला जास्त महत्त्वाचं वाटतं. नवरा चांगला, बहीण वाईट. थॉमस देखणा आहे, हळवा आहे, लाकडाची खेळणी बनवतो, शेवटी शेवटी बायकोवर खरंच प्रेम करायला लागतो. टॉम हिडलस्टननं तो असा उभा केलाय की प्रेक्षक त्याच्यासाठी हळहळतो. पण जरा हिशेब मांडू या. चार बायकांशी लग्न कुणी केलं? त्यांना या घरात कुणी आणलं? चहाचा कप पुढे येताना कोण पाहत होतं? विष कालवणारा हात ल्युसिलचा होता हे खरं. पण थॉमसच्या होकाराशिवाय त्या घरात एकही बाई आली नसती. उशिरा आलेलं प्रेम त्या तिघींना परत आणत नाही.

समुपदेशन केंद्रात मी हे वाक्य किती वेळा ऐकलंय! 'ताई, हे चांगले आहेत हो, पण आईपुढे त्यांचं काही चालत नाही.' सासू-नणंदेचा जाच खोटा असतो असं मी म्हणत नाही. १९८३ साली आलेल्या ४९८अ कलमात नवरा आणि त्याचे नातेवाईक दोघंही होते, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ८५ व्या कलमातही आहेत. पण सगळा राग बाईवर काढला की नवरा मोकळा सुटतो. ल्युसिल तरी कोण? ती आणि थॉमस लहानपणी माळ्यावर कोंडलेली मुलं होती. त्या घरानं तिला जे शिकवलं तेच ती करते. म्हणून तिचा गुन्हा माफ होत नाही, पण एकट्या तिच्यावर खापर फोडूनही भागत नाही. इथे माझी चित्रपटाबद्दल तक्रारही आहे. शेवटी दोन बायका एकमेकींच्या जिवावर उठतात आणि नवरा मात्र पांढऱ्याशुभ्र भुताच्या रूपात पावन होऊन जातो.

काल एका मैत्रिणीनं विचारलं, 'मरणसुद्धा इतकं देखणं कशाला दाखवायचं?' तिचा प्रश्न रास्त आहे. रेशीम, मेणबत्त्या, लाल बर्फ पाहताना हिंसा हिंसा वाटेनाशी होते. माझं मत असं की या सौंदर्याचा एक उपयोगही आहे. ईडिथ फसते ती याच देखणेपणाला. मुलगी बघायला आलेल्या मंडळींचा वाडा, गाडी, बोलणं पाहून आपणही फसतोच की. पण यावर एकमत व्हायलाच हवं असं नाही.

तिसरं वाक्य: ती निघून का गेली नाही? ईडिथला दहा वर्षांची असताना आईच्या भुतानं बजावलेलं असतं की क्रिम्सन पीकपासून सांभाळ. पण ज्या घरात ती लग्न करून जाते त्याचं नाव असतं अ‍ॅलरडेल हॉल. बर्फ मातीनं लाल होतो म्हणून लोक त्या जागेला क्रिम्सन पीक म्हणतात, हे तिला तिथे पोचल्यावर कळतं. आई बजावते, पण धोक्याचं नाव सासरच्या पाटीवर लिहिलेलं नसतं. तोवर बाप गेलेला, बाहेर बर्फ, अंगात विष. आणि काही दिसलं म्हणून सांगावं तर उत्तर तयार: तुला भास झाला. हे असं बाईच्या डोळ्यांनी पाहिलेलं खोटं ठरवत नेण्याला आज 'गॅसलायटिंग' म्हणतात. हा शब्दसुद्धा १९३८च्या एका नाटकावरून आणि १९४४च्या चित्रपटावरून आला.

मग तिला खरं कोण सांगतं? मेलेल्या बायका. एनोला नावाच्या आधीच्या बायकोनं मेणाच्या नळकांड्यांवर स्वतःचा आवाज नोंदवून ठेवलेला असतो. ईडिथ तो ऐकते. भुतं दिसायला भयंकर आहेत, कारण त्यांचं मरण भयंकर होतं. पण ती कुणाचा गळा धरत नाहीत. ईडिथ पळायचं सोडून त्यांना विचारायला लागते, तेव्हा ती दाखवायला लागतात. २०२०च्या 'बुलबुल' या हिंदी चित्रपटात अन्याय झालेली बाई चुडैल होऊन सूड घेते. इथल्या बायका फक्त साक्ष देतात.

कायद्यातही मेलेल्या बाईच्या शब्दाला जागा आहे. मृत्युपूर्व जबानी पूर्वी १८७२च्या पुरावा कायद्याच्या ३२ व्या कलमात होती, आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या २६ व्या कलमात आहे. पण जळालेली बाई उशाशी सासरचं माणूस उभं असताना 'स्टोव्ह भडकला' एवढंच म्हणते, आणि तेच कागदावर येतं. एनोलाला निदान बोलायला एकांत मिळाला होता.

म्हणून गावी गेल्यावर आपल्या गटात एक गोष्ट करा. बाई पहिल्यांदा येते आणि नुसतं 'घरात बरं वाटत नाही' म्हणते, तेव्हा तिला भास झाला असं धरू नका. तिचे शब्द तिच्याच भाषेत लिहून घ्या, तारीख घाला, तिला वाचून दाखवा, एक प्रत केंद्रात ठेवा. कुठल्याही कागदावर सही करण्याआधी तो इथे आणून दाखवायला सांगा. आणि बोलताना तिच्यासोबत आलेल्यांना बाहेर बसवा. तिची साक्ष ती जिवंत असतानाच घ्यायला हवी.