वेल्लूरच्या उंबरठ्यावर



विज्ञानसभेच्या अध्यक्षाने विज्ञानाच्या भवितव्याविषयी बोलावे असा प्रघात आहे. मी मात्र तान्ह्या मुलांच्या जुलाबांविषयी बोलणार आहे. भरसभेत हा विषय काढायला आपण अवघडतो, म्हणूनच तो मी मुद्दाम निवडला.

बालरोग विभागात मी उमेदवारी करत होतो तेव्हा पावसाळ्यात खाटा भरणार हे ठरलेलेच असे. पाणी गढूळ, माशा सगळीकडे. पण डिसेंबर-जानेवारीत, पाणी नितळ झाल्यावरही, सात-आठ महिन्यांची बाळे यायचीच. आधी ओकाऱ्या, मग पाण्यासारखे जुलाब, टाळू खोल गेलेली, रडताना डोळ्यांत टिपूस नाही. ‘दात येताहेत, त्याचंच असेल,’ आया सांगायच्या. आम्ही सलाइन लावायचो, जलसंजीवनी चमच्याचमच्याने पाजायला शिकवायचो. केसपेपरवर कारणाची जागा बहुतेक वेळा कोरी राहायची, कारण तपासणीची सोयच नव्हती.

त्या कोऱ्या जागेतला एक मोठा अपराधी 1973 साली मेलबर्नमध्ये सापडला होता. रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आजारी मुलांच्या आतड्याचे सूक्ष्म तुकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा पेशींत विषाणू दिसले. आकार चाकासारखा, म्हणून पुढे नाव पडले रोटाव्हायरस. शुद्ध पाणी असलेल्या श्रीमंत देशांतही तो मुलांना गाठतो. मरतात ती मुख्यतः गरिबांची मुले, कारण ती सलाइनपर्यंत वेळेत पोचत नाहीत. भारतात लस येण्यापूर्वी हा विषाणू दरवर्षी पाच वर्षांखालील सुमारे 78 हजार मुलांचा बळी घेत असावा, असा अंदाज आहे.

आज मला ज्यांच्याविषयी बोलायचे आहे त्या डॉ. गगनदीप कांग यांनी आपल्या संशोधनाचा मोठा काळ या विषाणूला दिला. वेल्लूरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिक्षण, ह्यूस्टनमध्ये विषाणुशास्त्रज्ञ मेरी एस्टेस यांच्याकडे काम, आणि मग पुन्हा वेल्लूर. 2019 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या फेलो म्हणून निवडल्या गेलेल्या त्या पहिल्या भारतीय महिला. हा सन्मान मोठाच आहे. पण मला अधिक मोठे वाटते ते वेल्लूरच्या झोपडवस्त्यांत त्यांच्या चमूने केलेले काम.

तिथे 2002-03 मध्ये 452 नवजात बाळांची नोंद करण्यात आली. आठवड्यातून दोनदा कार्यकर्ते घरी जात आणि आईला विचारत, जुलाब झाले का, ओकारी झाली का. दर पंधरवड्याला शौचाचा नमुना घेत, मूल ठणठणीत असले तरी. तीन वर्षे हे चालले आणि 373 मुले शेवटपर्यंत अभ्यासात राहिली. मित्रहो, हे सोपे नाही. तान्ह्या मुलाच्या शीचा डबा अनोळखी माणसाच्या हाती द्यायला आई एकदा तयार होईल. तीन वर्षे देत राहायची तर विश्वास लागतो, आणि तो दारोदार फिरणाऱ्या त्या कार्यकर्त्यांनी मिळवलेला असतो.

2011 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मेक्सिकोतल्या अशाच अभ्यासात दोनदा संसर्ग झालेल्या मुलांना पुढे मध्यम वा तीव्र आजार झालाच नव्हता. वेल्लूरमध्ये 56 टक्के मुलांना सहा महिन्यांच्या आतच संसर्ग झाला होता, आणि तीन संसर्गांनंतरही संरक्षण 79 टक्क्यांवरच थांबले. मेक्सिकोचा हिशेब आपल्याकडे चालणार नव्हता, आणि लसीकडून काय अपेक्षा ठेवायची तेही यातून कळले. उसनी आकडेवारी घेऊन बसलो असतो तर आपल्या मुलांचे आतडे आपल्याला कळलेच नसते.

दिल्लीतल्या एका नवजात बाळात सापडलेल्या विषाणूपासून, बालरोगतज्ज्ञ डॉ. महाराज किशन भान यांच्या दीर्घ चिकाटीतून, देशी लस घडली. तिची मोठी चाचणी दिल्ली, वेल्लूर आणि आपल्या पुण्याजवळच्या वढू इथे 6,799 बाळांवर झाली. तीव्र आजार निम्म्याहून थोड्या अधिक प्रमाणात टळला. ‘एवढेच?’ असे काहींनी विचारले. ज्या वॉर्डात मी रात्री काढल्या, तिथल्या निम्म्या खाटा रिकाम्या झाल्या असत्या तर काय झाले असते, ते मला ठाऊक आहे. मी या लसीला अपुरी म्हणणार नाही.

आधीच्या एका अमेरिकी लसीमुळे काही बाळांच्या आतड्यात आतडे शिरल्याचे आढळले आणि ती 1999 मध्ये मागे घ्यावी लागली. म्हणून भारतात लस सुरू झाल्यावर अनेक रुग्णालयांनी याच धोक्यावर बारीक नजर ठेवली. धोका वाढल्याचे दिसले नाही. ‘लस सुरक्षित आहे ना?’ असे कोणी आई विचारील तेव्हा तिच्यावर चिडू नका. हे सगळे तिला मराठीत, तिला कळेल असे सांगा. ते काम या सभागृहातल्या प्रत्येकाचे आहे.

आणि एक विनंती. घरी गेल्यावर नातवंडाचे, शेजारच्या बाळाचे, कामाला येणाऱ्या ताईंच्या बाळाचे लसीकरण कार्ड पाहा. रोटाव्हायरसचे डोस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना असतात आणि सरकारी केंद्रावर ते मोफत मिळतात. एखादी चौकट कोरी दिसली, तर उद्याच त्या बाळाला घेऊन केंद्रावर जा.