उसाची साखर येते कोठून?



कोल्हापुरात गुळावर बोलायला कोणी विद्वान लागत नाही. मीही बी.ए., बी.एड.; विज्ञानाचा पदवीधर नव्हे. पण "उसात साखर येते कोठून?" असे वर्गात विचारले की शेतकऱ्यांची मुलेसुद्धा "जमिनीतून" किंवा "खतातून" असे सांगतात, म्हणून हा विषय घेतला.

साखरेत कर्ब, हायड्रोजन व ऑक्सिजन यांखेरीज काही नाही. कर्ब येतो हवेतून. हवेच्या दहा हजार भागांत कर्बवायू जेमतेम चार भाग. तो पानाच्या सूक्ष्म छिद्रांतून आत शिरतो. हरितद्रव्य ऊन टिपते, त्या बळावर पाण्याचे विघटन होते, प्राणवायू बाहेर पडतो आणि उन्हाची शक्ती साखरेच्या रेणूत बांधली जाते. यालाच आपण प्रकाशसंश्लेषण म्हणतो.

उसाची तऱ्हा मात्र न्यारी. भात-गव्हात ऊन तापले की कर्बवायूच्या जागी बरेचदा प्राणवायूच पकडला जातो व मेहनत वाया जाते. हवाई बेटांतील संशोधकांनी १९६५ मध्ये आणि ऑस्ट्रेलियात हॅच व स्लॅक यांनी १९६६ मध्ये दाखवून दिले की, ऊस कर्ब आधी चार कर्बाणूंच्या आम्लात पकडतो आणि शिरांभोवतालच्या पेशींत नेऊन मोकळा करतो. तेथे कर्बवायूची दाटी असल्याने चूक फारशी होत नाही. आपली ज्वारी आणि मका याच जातकुळीतली.

गुऱ्हाळावर काहिलीत रस आटतो तो पाणी घालवण्यासाठी. गोडी आधीच पानात तयार झालेली असते. चुलवाणात जळणारे चिपाड म्हणजेसुद्धा साठवलेले ऊनच!

मग खत कशाला? हरितद्रव्य घडवायला नत्र व मॅग्नेशियम लागते. पण साखरेत नत्राचा कणही नसतो. तोडणीनंतर पानातले बरेचसे नत्र पाचटाबरोबर शेतातच राहते, आणि आपण त्याला काडी लावतो! नत्र धुरावाटे जाते, कर्बही जातो. पुढे उधारीवर युरियाचे पोते आणायचे. हा कुठला हिशेब?

ज्यांचा ऊस यंदा तुटेल त्यांनी खोडव्यात निदान दोन सऱ्यांचे पाचट न जाळता कुजवून पाहावे. त्यावर थोडा युरिया व शेणकाला टाकावा, कारण कुजवणारे जीवाणू सुरुवातीला स्वतःसाठीच नत्र ओढून घेतात.