दहा पौंडांचें हस्तलिखित

इंग्लंडांतील प्रेमकथालेखिका जेन ऑस्टिनबाईंनीं १८०२ च्या डिसेंबरांत एका सधन तरुणाला होकार दिला आणि दुसऱ्याच सकाळीं तो मागें घेतला. प्रेमावांचून विवाह करण्यापेक्षां दुसरें कांहींहि पतकरावें, असें त्यांनीं १८१४ सालीं भाचीला लिहिलें. पण त्या नकाराची किंमत त्या जाणून होत्या. त्यांच्या नायिकांच्या प्रेमाजवळ उत्पन्नाचा आंकडा उभा असतो तो उगाच नव्हे!

१८०३ मध्यें एका प्रकाशकानें त्यांची कादंबरी १० पौंडांस घेतली. छापली मात्र नाहीं. १८०९ मध्यें विचारलें तेव्हां उत्तर आलें, तितकेच पैसे भरून परत न्या. भावांच्या आधारावर राहणाऱ्या अविवाहित स्त्रीला तेहि जड. अखेर १८१६ मध्यें, चार पुस्तकें निनांवी निघाल्यावर, भावाकरवीं हस्तलिखित सोडविलें. तें छापून आलें १८१७ च्या डिसेंबरांत. बाई जुलैमध्येंच वारल्या होत्या.